शक्ती भरपूर, पण जीव लागत नाही: सुपरहिरो खेळातला नेहमीचा बिघाड

टेबलाभोवती बसून, फासे टाकून गोष्ट रचायच्या सुपरहिरो रोलप्लेइंग खेळांबद्दलची तक्रार दर वेळी जवळपास सारखीच असते. जीएमने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरने, तासभर खपून प्रसंग उभा केलेला असतो. गच्चीवर व्हिलन, हातात रिमोट, खाली गर्दी. वेगवान कॅरेक्टरचा प्लेअर शांतपणे म्हणतो, "मी पळत जाऊन रिमोट काढून घेतो." फासे पडतात, अकरा येतात, खेळ खलास. मग उरलेल्या वेळात खेळातल्या त्या कॅरेक्टरला घरून फोन येतो, "कुठे आहेस?" प्लेअर म्हणतो, "क्लासला," आणि तोही प्रसंग तिथेच संपतो.

पुढच्या सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, जीएम त्या कॅरेक्टरच्या आईला पळवतो. त्याच्या पुढच्या वेळी बहिणीला. चौथ्या सेशनला प्लेअर नवीन कॅरेक्टर घेऊन येतो आणि शीटवर पहिलीच ओळ असते: अनाथ.

इथे बहुतेक जीएम शक्ती छाटायला घेतात. वेगाला दम लागतो असा नियम येतो, दर लढाईत शक्ती शोषणारा दगड सापडतो, व्हिलनकडे नेमका त्याच शक्तीवरचा उतारा असतो. याने काही सुटत नाही. प्लेअरने जे कॅरेक्टर हौसेने निवडलं तेच आपण त्याच्या हातून काढून घेतो. शक्ती जशी आहे तशी राहू द्या. बिघाड बहुतेक वेळा प्रसंग विचारत असलेल्या प्रश्नात असतो.

आधी निदान

मागच्या दोन सेशनमधले पाच मोठे प्रसंग आठवा आणि प्रत्येक एका ओळीत प्रश्न म्हणून लिहा. "पूल वाचेल का?" "रिमोट हाती लागेल का?" "ताई त्याच्याशी पुन्हा बोलेल का?" आता प्रत्येक प्रश्नापुढे, टेबलावरच्या ज्या कॅरेक्टरची शक्ती तो प्रश्न एका रोलमध्ये मिटवू शकते, त्याचं नाव लिहा.

चार-पाच ओळींपुढे नावं आली, तर बिघाड प्रसंगाच्या बांधणीत आहे. एकाही ओळीपुढे नाव आलं नाही, तर उलटा आजार आहे: शक्ती नुसत्या शोभेच्या आणि सगळे कॅफेत बसून मन मोकळं करताहेत. त्याबद्दल खाली. नावं आणि रिकाम्या जागा मिसळलेल्या आहेत, तरीही टेबल थंडच, तर खेळाचे नियम अर्धेच वापरले जात असण्याची शक्यता दाट आहे.

पूल पेलला, मग?

एक प्रसंग जवळून पाहू. सौमित्र, वय सतरा, उडतो आणि ट्रक उचलतो. आजी एके काळची नावाजलेली सुपरहिरो. 'मास्क्स' खेळणाऱ्यांनी लेगसी प्लेबुक (घराण्याचा वारसा चालवणाऱ्या हिरोचा तयार साचा) डोळ्यांसमोर आणावं. पुलाचा खांब तुटलाय, वर शाळेची बस आहे.

नेहमीची बांधणी: सौमित्रला पूल पेलवेल का? रोल, दहा, पेलवला. टाळ्या. पुढे काय, हे जीएमलाही माहीत नसतं.

दुसरी बांधणी: पूल पेलायला रोल मागूच नका. त्याच्या शीटवर लिहिलंय ना तो ट्रक उचलतो म्हणून? मग पूल पेलला, मुलं सुखरूप, इतकं सरळ सांगून टाका. पण आता त्याचे दोन्ही हात अडकलेत. समोर पन्नास फुटांवर टीममधली रेवा व्हिलनला एकटी तोंड देतेय. तेवढ्यात आजी येऊन उतरते. ती रेवाकडे बघतही नाही. सौमित्रला म्हणते, "सोड, मी धरते. तू पुढे हो, कॅमेरे तिकडे आहेत. आपल्या घरात खांब धरून कुणी उभं राहिलेलं नाही."

पूल पडणार की नाही, हा प्रश्नच आता उरला नाही. सौमित्र जितका बलवान, तितका तो इथे जास्त अडकलाय. तो गेला तर रेवाला वाटेल मदतीला आला, पण आजीला वाटेल आपलं ऐकलं. थांबला तर आजीशी वाकडं, आणि रेवा मार खाणार. उचलण्याची ताकद दुप्पट केली तरी यातलं काही सुटत नाही.

तयारी करताना प्रत्येक मोठ्या प्रसंगासाठी तीन ओळी लिहिल्या तरी पुरतं. शक्तीने काय हमखास साधेल, ते साधताना हातून काय सुटेल, आणि हे सगळं कोण बघत असेल. तिसरी ओळ लोक गाळतात आणि तीच सगळ्यात कामाची. बघणारं माणूस नसेल तर भावना टेबलावर येत नाही, फक्त प्लेअरच्या डोक्यात राहते.

इथे एक खड्डा आहे. "आई की बस, एकच वाचव" अशी कोंडी घालायचा मोह आवरा. सुपरहिरो खेळणारे लोक तिसरा मार्ग शोधणारच, ते त्याच्यासाठीच आलेले असतात. तो मार्ग जीएमने अडवला की फसवल्याची भावना येते, आणि ती रास्त असते. तिसरा मार्ग सापडू द्या, दोघंही वाचू द्या. फक्त ते करताना मुखवटा गेला, किंवा दिलेला शब्द मोडला, किंवा मित्राची शक्ती त्याला न विचारता वापरावी लागली, असं काहीतरी घडू द्या.

मास्क्समध्ये हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी

'मास्क्स' हा मॅगपाय गेम्सचा २०१६ चा खेळ नेमका याच दुखण्यावर बेतलेला आहे. तरी त्याच्याही टेबलावर हीच तक्रार येते, कारण लोक त्याला नेहमीच्या लढाईच्या खेळासारखं चालवतात. यात हिट पॉइंट (जीव किती उरला याचे आकडे) नाहीत. मार लागला की कंडिशनची, म्हणजे मनाच्या अवस्थेची, खूण पडते, आणि त्या पाच आहेत: भेदरलेला, चिडलेला, अपराधी, हताश, खचलेला. शेवटच्याला मूळ शब्द 'इन्सिक्युअर'. 'असुरक्षित' म्हटलं तर कॅरेक्टर धोक्यात आहे असं वाटतं, म्हणून 'खचलेला' किंवा 'स्वतःबद्दल शंका असलेला' बरं.

पहिली चूक: खूण पडते, पण वजा दोन कुणी लावत नाही. भेदरलेल्याला थेट भिडण्यावर −२. चिडलेल्याला धीर देण्यावर आणि समोरच्याच्या मनातलं ओळखण्यावर −२. अपराध्याला परिस्थितीचा अंदाज घेण्यावर आणि कुणाला डिवचण्यावर −२. हताशाला शक्ती मोकळी सोडण्यावर −२. खचलेल्याला दुसऱ्याचं रक्षण करण्यावर आणि कुणाचं बोलणं झुगारण्यावर −२. भावना आणि शक्ती यांची सांगड घालण्याचं यंत्र हेच आहे. ते बंद ठेवून तोल कसा साधणार?

आकडे बघा म्हणजे पटेल. शक्ती मोकळी सोडताना रोलमध्ये फ्रीक हे लेबल (कॅरेक्टरच्या पाच गुणांपैकी एक) मिळवतात. ते +२ असेल तर दोन फाशांवर १० किंवा वर, म्हणजे पूर्ण यशावर, जाण्याची शक्यता ४१.७ टक्के, आणि ६ किंवा खाली फसण्याची १६.७ टक्के. हताशची खूण पडली, बेरीज शून्यावर आली, की हे दोन्ही आकडे बरोब्बर अदलाबदल होतात. शहरातला सगळ्यात शक्तिमान पोरगा काल रात्री वडील काय बोलले त्यामुळे आज अडखळतो, आणि जीएमला त्यासाठी एकही दगड शोधावा लागत नाही.

दुसरी चूक: जबर फटका खाण्याची मूव्ह (ठरावीक प्रसंगी लागू होणारा नियम) उलटी वाचली जाते. इथे पडलेल्या खुणांची संख्या रोलमध्ये मिळवायची, आणि १० किंवा वर म्हणजे वाईट: प्रसंगातून बाहेर पडावं लागतं, शक्तीवरचा ताबा सुटतो, किंवा ७ ते ९ च्या यादीतल्या दोन गोष्टी घ्याव्या लागतात. ६ किंवा खाली आलं तर कॅरेक्टर पाय रोवून उभं राहतं आणि वर पोटेन्शियलची (प्रगतीच्या गुणाची) खूण करतं. नवीन जीएम सवयीने दहाला "वा!" म्हणतात आणि सगळा परिणाम फिरतो. एकही खूण नसताना १० किंवा वर जाण्याची शक्यता १६.७ टक्के, तीन खुणा असताना ५८.३. आणि फटका अंगावरच बसायला हवा असं नाही. जिवाभावाच्या मैत्रिणीने सगळ्यांसमोर "तुझ्यामुळे झालं हे" म्हटलं, तर तोही जबर फटकाच. ज्याच्या अंगावर तोफगोळा फुटला तरी ओरखडा उठत नाही, त्याच्यासाठी तर हीच मूव्ह ठेवलीय.

तिसरी: मोठी माणसं गप्प बसतात. या खेळात मोठ्यांचा पोरांवर इन्फ्लुअन्स, म्हणजे त्यांच्या शब्दाचं वजन, सुरुवातीपासूनच असतो. ते "तू कोण आहेस" हे ठणकावून सांगतात तेव्हा एक लेबल वर आणि एक खाली सरकतं. लेबलं पाच: डेंजर, फ्रीक, सेव्हियर, सुपीरियर, मंडेन. वरच्या प्रसंगात आजी बोलली की सुपीरियर वर, सेव्हियर खाली. सौमित्रला ते मान्य नसेल तर झुगारायचा रोल करावा. १० वर दोन पर्याय, ७ ते ९ वर एक: आजीचं म्हणणं खोटं पाडणारी कृती लगेच करून कंडिशन पुसायची किंवा पोटेन्शियल घ्यायचं, लेबलं स्वतःच्या मनाप्रमाणे सरकवायची, किंवा तिचा इन्फ्लुअन्सच काढून घ्यायचा. फसला तर शब्द जिव्हारी लागतात: एक खूण पडते आणि लेबलं जीएम सरकवतो. सेशनमध्ये प्रत्येक कॅरेक्टरच्या वाट्याला असा निदान एक प्रसंग यावा. चार प्लेअर असतील तर चार मोठी माणसं आणि त्यांचं प्रत्येकी एक वाक्य आधीच लिहून ठेवा. आयत्या वेळी सुचत नाही.

चौथी: खुणा फुकट पुसल्या जातात. "रात्र झाली, आराम केला, सगळं पुसू" असं या खेळात नाही. भेदरलेल्याने एखाद्या अवघड गोष्टीपासून पळ काढावा. चिडलेल्याने कुणाला दुखवावं किंवा महत्त्वाचं काहीतरी मोडावं. अपराध्याने अपराध फिटेल असा त्याग करावा. हताशाने सोप्या सुखात उडी घ्यावी. खचलेल्याने टीमला न सांगता काहीतरी आततायी करावं. मित्राने धीर दिला तरी खूण जाऊ शकते. पण "काळजी नको करूस" एवढ्याने नव्हे. मन उघडं करून बोलणं व्हायला हवं, म्हणजे दोन प्लेअर समोरासमोर आले पाहिजेत. जीएमने यात तोंड घालू नये.

पाचवी व्हिलनबद्दल. व्हिलनलाही याच पाच कंडिशन लागतात, छोट्याला एक-दोन, मोठ्याला पाचही. खूण पडली की व्हिलनने तिथल्या तिथे उलट चाल करायची असते. जीएम हे विसरतो, व्हिलन मुकाट्याने मार खात राहतो, आणि मग "लढाई दहा मिनिटांत संपली" म्हणून रड सुरू. प्रत्येक खुणेपुढे व्हिलन काय करेल हे एकेका ओळीत आधी लिहा. चिडला तर समोरचा खांब पाडेल. अपराधी वाटलं तर सौमित्रच्या आईचं नाव घेऊन माफी मागू लागेल, तेही लढता लढता. दुसरी चाल पहिलीपेक्षा कितीतरी जास्त गोंधळ उडवते.

नोव्हा (अफाट, आवरायला अवघड शक्तीची) प्लेबुकबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण "ही फार तगडी आहे" ही तक्रार सगळ्यात जास्त तिच्याबद्दल असते. नोव्हा शक्ती पेटवते तेव्हा अंगावरच्या खुणांची संख्या मिळवून रोल करते. यश आलं तर बर्न (शक्ती वापरताना खर्चायचे गुण) ३ मिळतो, पण ७ ते ९ असेल तर एक खूणही पडते. फसली तर बर्न २ आणि एकदम तीन खुणा. म्हणजे ती जितकी आतून पोळलेली, तितकी पेटते चांगली. ती तगडी वाटते कारण टेबलावर तिची किंमत वसूल होत नाही. प्रसंगाच्या शेवटी तिच्या तीन खुणांचं काय झालं हे विचारा, तक्रार आपोआप मिटेल.

आणि सेशनच्या शेवटची मूव्ह. प्रत्येक प्लेअरने सांगायचं असतं की आज आपलं कॅरेक्टर टीमच्या जवळ गेलं, टीमपासून लांब गेलं, की स्वतःच्या मनातल्या स्वतःच्या प्रतिमेच्या जवळ गेलं. शेवटची लोकल गाठायच्या घाईत हमखास गाळली जाते. वीस मिनिटं आधी लढाई थांबवा, पण हे गाळू नका.

खेळ मोडणाऱ्या शक्ती

काही शक्ती भावनिक प्रसंगाच्या मुळावरच येतात. त्यांना बंदी घालायची गरज नाही, पण त्यांच्यासाठी प्रसंग वेगळे लागतात.

मनकवडा सगळ्यात त्रासदायक. गुपितावर उभा असलेला प्रत्येक प्रसंग तो एका वाक्यात पाडतो. पण मनातलं कळलं म्हणजे विश्वास मिळाला असं नाही, आणि समोरच्याला आपलं मन वाचलं गेल्याचं कळतं, निदान संशय तरी येतोच. मास्क्समध्ये मनकवडेपणा 'पिअर्स द मास्क' मूव्हमधूनच चालवा. १० किंवा वर तीन प्रश्न, ७ ते ९ वर एकच, आणि प्रश्नही ठरलेल्या यादीतले. प्लेअर "मी सगळं वाचतो" म्हणाला तरी हाती येतं ते एवढंच. इतर खेळांत सरळ माहिती देऊन टाका, पण अशी माहिती द्या जी वापरली तर कुठून मिळाली हे उघड होईल. मैत्रिणीला तो आवडत नाही, हे त्याला आता माहीत आहे. तिने अजून सांगितलेलं नाही. पुढचा आठवडा तो तिच्याशी कसा बोलतो?

वेगवान आणि क्षणात जागा बदलणारे "दोन ठिकाणी एकाच वेळी संकट" ही बांधणी निकामी करतात. तर दोन ठिकाणं वापरू नका. एकाच खोलीत दोन माणसं ठेवा ज्यांना त्याच्याकडून उलट गोष्टी हव्यात. वेगाने दोघांचंही ऐकता येत नाही. त्याच्यासाठी आणखी एक चांगली खोच: तो सगळीकडे वेळेवर पोचू शकतो, म्हणून जिथे पोचला नाही तिथे तो मुद्दाम गेला नाही असंच लोक धरतात. बहिणीच्या गॅदरिंगला न जाण्याचं कारण या माणसाकडे कधीच नसतं.

अभेद्य कॅरेक्टरबद्दल वर आलंच. त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस अभेद्य नाही, हेही वापरा. पण दर वेळी नको.

काळात मागे जाणारी शक्ती असेल तर सेशन झीरोलाच (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) मर्यादा ठरवून घ्या, नंतर नाही. "मागे जाता येतं, पण जे बोललं गेलं ते ऐकणाऱ्याला आठवतं" एवढा एक नियम बहुतेक टेबलांना पुरतो. तेवढ्याने घटना उलटवता येतात आणि नाती उलटवता येत नाहीत.

दर आठवड्याला मावशीच का पळवली जाते

याचं मूळ जुनं आहे. १९८१ च्या 'चॅम्पियन्स' या सुपरहिरो खेळामध्ये कॅरेक्टर बनवताना आश्रित माणूस स्वीकारलं की जास्तीचे पॉइंट मिळत. ते माणूस कथेत किती वेळा येईल हे तीन फाशांवर ठरतं: ८ किंवा कमी, ११ किंवा कमी, १४ किंवा कमी. शक्यता अनुक्रमे २५.९, ६२.५ आणि ९०.७ टक्के. एका कॅरेक्टरपुरतं हे ठीक. पण पाच प्लेअरनी प्रत्येकी ११ वाला आश्रित घेतला तर सेशनला सरासरी तीनाहून जास्त आश्रित टपकतात. एकही न येण्याची शक्यता शेकड्याला एकाहून कमी. जीएमने "आला" म्हणजे "संकटात सापडला" असं धरलं की सगळं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) अपहरणांची रांग होतं.

दोन बदल करा. पाच वेगळे रोल करायच्या ऐवजी सेशनला एकच आश्रित निवडा आणि पाळीपाळीने फिरवा. दुसरं, तो संकट घेऊन येण्याऐवजी मागणी घेऊन येऊ द्या. मावशीला पळवलं तर भाच्याने भिंत फोडायची आणि तिला सोडवायचं, ते त्याला येतं. मावशीला शनिवारी मुलगी बघायला जायचंय आणि भाच्याने सोबत यावं असं तिचं म्हणणं आहे. तिथे भिंत फोडून काय करणार?

यासाठी प्रत्येक प्लेअरकडून सुरुवातीला तीन माणसं घ्या आणि प्रत्येकापुढे एक वाक्य पुरं करून घ्या: "याला माझ्याकडून ______ हवंय." रिकाम्या जागी 'संरक्षण' आलं तर परत पाठवा. वेळ, कबुली, माफी, परवानगी, पैसे, गप्प राहणं, असलं काहीही चालेल.

'म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स' खेळणाऱ्यांचं दुखणं जरा वेगळं. तिथे ताकदीला छत आहेच: पॉवर लेव्हल १० ला १५० पॉइंट, आणि हल्ल्याचा बोनस अधिक परिणामाचा दर्जा मिळून २० च्या वर नाही. तोल तिथे गणिताने सांभाळला जातो. भावना येतात त्या कॉम्प्लिकेशनमधून (कॅरेक्टरच्या आयुष्यातल्या ठरवून घेतलेल्या अडचणींमधून), आणि कॉम्प्लिकेशनने अडचण केली की हिरो पॉइंट मिळतो. बिघाड होतो तो मोबदल्यात. समान लेव्हलच्या लढतीत वीस बाजूंच्या फाशात +१० मिळवून २० गाठायचे, म्हणजे साधा फटका ५५ टक्के वेळा बसतो. हिरो पॉइंट देऊन फासा पुन्हा टाकला तर तो किमान ११ धरला जातो, म्हणजे फटका बसणारच. एका कॉम्प्लिकेशनची किंमत एक खात्रीचा फटका. "आईचा मेसेज आला, जरा टेन्शन आलं" यावर पॉइंट वाटले की लढाई मोडते. आणि खरोखर नुकसान करून पॉइंट दिला नाही, तर पुढच्या वेळी प्लेअर कॉम्प्लिकेशन लपवून ठेवतो. सोपी कसोटी: या अडचणीने कॅरेक्टरची एक पूर्ण पाळी किंवा एक पूर्ण प्रसंग गेला का? गेला तर पॉइंट द्या. नवीन कथानकाला पुन्हा एकाच पॉइंटवरून सुरुवात होते आणि उरलेले बुडतात, हे प्लेअरना आठवण करून द्या, नाहीतर साठवून ठेवतात.

उलटा आजार

इथे शक्ती कुणी वापरतच नाही. तीन तासांपैकी अडीच तास संवाद, लढाई शेवटी उरकायची म्हणून. सुरुवातीला छान वाटतं, चौथ्या सेशनला लक्षात येतं की सगळी कॅरेक्टरं सामान्य कॉलेजातली पोरं असती तरी काही फरक पडला नसता.

उपाय छोटा आहे: भावनिक प्रसंग बसलेल्या जागी घडवू नका. वडिलांशी भांडण जेवणाच्या टेबलावर न होता मुलगा जळत्या इमारतीत असताना कानातल्या इअरपीसवर होऊ द्या. शिवाय दर दोन सेशनला एकदा तरी शक्तीमुळेच नातं बदललं पाहिजे. उडणाऱ्याने घाबरलेल्या धाकट्या भावाला पहिल्यांदा वर नेलं. रेवाने रागाच्या भरात घराचे सगळे दिवे घालवले आणि आजोबांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद पडला. २०१० च्या 'स्मॉलव्हिल' खेळात तर फासे शक्तींच्या आधी मूल्यांवर आणि नात्यांवरच बांधलेले आहेत. उलटा आजार फार झाला असेल तर तसा खेळ उघडून बघा, तिथे बोलणं हीच लढाई असते.

तीन तासांच्या सेशनला साधारण असा हिशोब जमतो: घर-कॉलेज अर्धा तास, संकटाची चाहूल वीस मिनिटं, लढाई सत्तर मिनिटं, नंतरचा पडसाद चाळीस, शेवटची मूव्ह आणि आवराआवर वीस. पडसादाची चाळीस मिनिटं लढाई खाते. मोबाइलवर गजर लावा.

मराठीत खेळताना

हा खेळ मराठीत चालवणाऱ्यांच्या हाती एक फुकटचं अवजार आहे आणि फार कमी जण ते वापरतात: तू आणि तुम्ही. सौमित्र मेंटरला आजवर "तुम्ही" म्हणत आला आणि आज भांडणात "तू" म्हणाला, तर इन्फ्लुअन्स झुगारायचा रोल तिथेच मागा. प्लेअरने जाहीर करायची वाट बघू नका. उलट व्हिलन पोराला "अहो-जाहो" करू लागला तर टेबलावर एकदम शांतता पसरते. "बाळा" हा शब्द व्हिलनच्या तोंडी एका कॅम्पेनमध्ये एकदाच ठेवा.

दुसरी अडचण अशी की भावनेचा प्रसंग आला की टेबल एकतर इंग्रजीत शिरतं किंवा नाटकी संवादफेक सुरू होते. दोन्ही लाजेपोटी. लाजणाऱ्या प्लेअरला तृतीयपुरुषात बोलू द्या: "तो काही बोलत नाही, चपला घालतो आणि निघतो." नियमांना एवढं पुरतं. संवाद म्हणून दाखव असा आग्रह धरला की पुढच्या वेळी तो प्लेअर लढाई होईपर्यंत फोनमध्ये डोकं घालतो.

आई-वडील, आजारपण, मृत्यू हे विषय या खेळात सतत जवळ येतात. सुरुवातीलाच कोणते विषय टेबलावर नकोत आणि कोणते पडद्याआड चालतील हे चिठ्ठीवर लिहून घ्या, तोंडी विचारलं तर कुणी सांगत नाही. एक्स-कार्ड (नको असलेला विषय तिथेच थांबवायला उचलायचं कार्ड) टेबलाच्या मध्यावर ठेवा, आणि पहिल्या सेशनला जीएमने स्वतः ते एकदा क्षुल्लक कारणासाठी उचलून दाखवावं, म्हणजे इतरांची भीड चेपते.

एवढं करूनही एखादा प्लेअर शक्तीने प्रसंग मिटवत राहिला, तर त्याला एकदा मिटवू द्या, अगदी पूर्ण. रिमोट काढून घेतला, व्हिलन पकडला, एकालाही खरचटलं नाही. मग लगेच पुढचा प्रसंग उघडा: ज्या टीममेटने या क्षणासाठी आठवडाभर योजना आखली होती, ती गच्चीच्या दारात उभी आहे, धापा टाकत, आणि तिच्या हातात नकाशा आहे. तिच्या प्लेअरकडे वळा आणि विचारा, ती काय करते?